उंचावरील यात्रेची आखणी : केदारनाथला पायी, परतीला हेलिकॉप्टर

मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदतात अशा आपल्या कमलनगर, औराद, भालकी या भागास केदारनाथ हे नाव परके नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून त्याचे माहात्म्य सर्वश्रुत आहेच. पण त्याखेरीज आणखी एक धागा आहे. वीरशैव परंपरेतील पाच पीठांपैकी केदारपीठ हिमालयात उखीमठ येथे आहे. केदारनाथचे रावळ दक्षिणेकडील वीरशैव जंगम समाजातून येतात. ते स्वतः नित्यपूजा करीत नाहीत. त्यांच्या आज्ञेने पुजारी ती करतात. हिवाळ्यात देवाची उत्सवमूर्ती उखीमठासच आणली जाते आणि मंदिर उघडण्याचा मुहूर्तही महाशिवरात्रीच्या दिवशी तेथेच जाहीर होतो. हजारो कोस दूरच्या त्या देवळात आपल्याकडचे दोन शब्द कानी पडले तर नवल वाटू नये.

गेल्या काही वर्षांत या यात्रेचा एक नवा प्रकार रूढ होऊ लागला आहे. चढण पायी चढावयाची, कारण देवाकडे चालत जावे अशी भावना असते. उतरताना मात्र गुडघे तक्रार करतात म्हणून हेलिकॉप्टरने खाली यावयाचे. हा बेत ऐकावयास सोपा वाटतो. तो मुळात चुकीचाही नाही. किंबहुना शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो हेलिकॉप्टरने वर जाण्यापेक्षा पुष्कळ बरा आहे. परंतु त्यात दोन कच्चे दुवे आहेत, एक माणसाच्या शरीरात व दुसरा आकाशात. त्या दोहोंची नीट ओळख करून घेतल्यावाचून तिकिटे काढू नयेत, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

उंचीचा हिशेब

आपला बीदरचा पठारी प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. मोटाररस्ता संपतो ते गौरीकुंड १,९८२ मीटरवर, आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. मधली पायवाट साधारण १६ किलोमीटरची. या आकड्यांचा अर्थ चटकन ध्यानात यावा म्हणून शिक्षकबंधूंनी विद्यार्थ्यांसमोर एक तुलना ठेवावी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. कर्नाटकातील सर्वांत उंच मुळ्ळय्यनगिरी सुमारे १,९३० मीटर. म्हणजे आपल्या दोन्ही राज्यांची सर्वोच्च टोके गौरीकुंडाच्या बाजारपेठेपेक्षाही खाली राहतात. यात्रेकरू जेथून चालावयास आरंभ करतो तेथेच त्याच्या आजवरच्या साऱ्या अनुभवाची सीमा ओलांडलेली असते, आणि तेथून पुढे त्याला जवळजवळ आणखी एका कळसूबाईइतकी उंची चढावयाची असते.

वर प्राणवायू नसतो, असे सरसकट बोलले जाते. ते खरे नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण खाली व वर सारखेच, शेकडा २१ असते. घटतो तो हवेचा दाब. केदारनाथच्या उंचीवर वायुदाब समुद्रकाठच्या दाबाच्या शेकडा ६४ च्या आसपास राहतो; आपल्या पठाराशी तुलना केली तर शेकडा ६९. साध्या भाषेत सांगावयाचे तर कमलनगरच्या शेतात तीन श्वासांत जेवढा प्राणवायू मिळतो, तेवढ्यासाठी तेथे चारांहून अधिक श्वास लागतात. दाब घटल्याने पाणीही लवकर, म्हणजे ८८ अंशांच्या जवळपास उकळते. त्यामुळे पातेल्यात डाळ कितीही वेळ शिजविली तरी ती कणीदारच राहते आणि तेथील स्वयंपाक्यांना कुकरशिवाय गत्यंतर नसते. वर्गात हे दाखविणे अवघड नाही. सुई काढलेल्या मोठ्या पिचकारीत थोडे कढत पाणी घ्यावे, तोंड बोटाने घट्ट बंद करावे व दट्ट्या जोराने मागे ओढावा. आत दाब कमी होताच ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागते. मुले हा प्रयोग सहसा विसरत नाहीत. भाजणार नाही एवढी काळजी मात्र गुरुजींनी घ्यावी.

शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, पण त्याला वेळ लागतो. श्वास व नाडी लगेच जलद होतात. रक्तातील व मूत्रपिंडांतील बदलांना दिवस जावे लागतात. तो वेळ न दिल्यास उंचीचा आजार होतो. डोकेदुखी हे त्याचे पहिले लक्षण. सोबत मळमळ, भूक मरणे, गरगरणे, झोप न लागणे. बहुधा तो पोहोचल्यानंतर काही तासांनी, म्हणजे नेमका रात्री डोके वर काढतो. आपल्याकडील माणसे त्यास थकवा समजतात, एखादी गोळी घेतात आणि पांघरूण ओढून निजतात. एवढ्यावर भागले तर ठीक. परंतु विसाव्यातही धाप लागणे, छातीत घरघर, ओठ निळसर होणे ही लक्षणे फुप्फुसांत पाणी साठत असल्याची. आणि बोलण्यात विसंगती, तोल जाणे, असंबद्ध वागणे ही मेंदूला सूज आल्याची. तोल तपासण्याची एक सोपी रीत आहे : एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावीत सरळ रेषेत दहा पावले चालावयास सांगावे. ज्याला ते जमत नाही त्याला तत्काळ, रात्र असली तरी, खाली न्यावे. प्राणवायूची नळी व औषधे मदत करतात. पण खाली उतरणे हाच खरा उपाय.

या आजाराची खोड अशी की ज्याला तो होतो त्याची निर्णयशक्तीच प्रथम मंदावते. ‘मला काही झालेले नाही’ असे तोच सर्वांत जोराने सांगतो. म्हणून थांबावयाचे की पुढे जावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, हे घरी बसूनच ठरवावे. भाच्याने ‘मामा, आज इथेच थांबू’ म्हटले की मामांनी थांबावे. तेथे वडीलकीचा मान आड आणू नये.

गिर्यारोहणशास्त्रात एक सर्वमान्य नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसाव्याचा ठेवावा. नेपाळात एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत जाणारे हा नियम पाळतात. लुक्ला २,८६० मीटर, तळछावणी ५,३६४ मीटर. या वाटेला जाताना आठ दिवस धरले जातात व त्यांतले दोन निव्वळ विसाव्याचे असतात. त्यांच्यातही अनेक जण परतताना गोरक्षेपहून हेलिकॉप्टर घेतात. पण चढताना कोणी घाई करीत नाही. आपला यात्रेकरू मात्र पहाटे गौरीकुंड सोडतो व सायंकाळी केदारनाथ गाठतो, म्हणजे एका दिवसात १,६०० मीटर. जो हेलिकॉप्टरने वर जातो तो दीड हजार मीटरच्या आसपासच्या खोऱ्यातून अवघ्या दहाएक मिनिटांत तेथे उतरतो. त्याच्या शरीराला तर सावरण्यास क्षणाचीही सवड नसते. २०२२ च्या हंगामात चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले, त्यांतील बहुतेक हृदयविकाराने किंवा प्रकृती बिघडल्याने. त्यामागे वय होते, थंडी होती, गर्दी होती आणि ही घाईही होती.

यावरून पायी वर व हेलिकॉप्टरने खाली हा क्रम का श्रेयस्कर, ते कळून येईल. चढताना पावलागणिक शरीर जुळवून घेते. उतरताना मात्र जितक्या लवकर खाली यावे तितके चांगले. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रज्जुमार्गास मंजुरी दिली असून तो झाल्यावर हे अंतर ३६ मिनिटांत कापता येईल. गुडघ्यांची सोय होईल. फुप्फुसांची अडचण तेव्हाही राहीलच.

आकाशाचा भरवसा

आता दुसरा दुवा. हेलिकॉप्टरची पाती हवेला खाली रेटतात आणि त्या रेट्याने यंत्र वर उचलले जाते. हवाच विरळ असली तर रेटा कमी पडतो. इंजिनाचीही ताकद घटते. म्हणून तेथे प्रत्येक प्रवाशाचे वजन काट्यावर घेतले जाते आणि सामान हातपिशवीपुरतेच नेऊ देतात. तो नियम कोणा कारकुनाची अडवणूक नव्हे. शिवाय मंदाकिनीचे खोरे अरुंद आहे, दोन्ही अंगांस उभे कडे आहेत आणि वैमानिक आपल्या डोळ्यांनी वाट पाहून उडवितो. ढग खोऱ्यात उतरला की वाट बुजते. तो ढग उतरावयास तेथे वेळ लागत नाही.

हा धोका ज्यांनी नजरेआड केला, किंवा ज्यांच्यापुढे पर्यायच नव्हता, त्यांचा इतिहास अलीकडचाच आहे. १६ व १७ जून २०१३ रोजी अतिवृष्टी व चोराबारी तलाव फुटल्यामुळे केदारनाथ उद्ध्वस्त झाले, रामबाडा ही वाटेवरची वस्तीच नाहीशी झाली. त्या वेळी वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी हजारो लोकांचे प्राण वाचविले. परंतु २५ जून रोजी त्याच कामावरील एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून त्यातील वीसही जण मृत्युमुखी पडले. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथहून यात्रेकरूंना घेऊन परतणारे हेलिकॉप्टर गरुडचट्टीजवळ पडले, सात जण गेले. १५ जून २०२५ रोजी पहाटे पुन्हा तेच : केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले यान गौरीकुंडाच्या परिसरात दाट ढगाळ हवेत कोसळले आणि सातही जण दगावले. त्यांत महाराष्ट्रातील एका कुटुंबातील तिघे होते. या दोन्ही अपघातांत प्रवासी परतीच्या वाटेवर होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या संदर्भात विसरून चालणार नाही. २०२५ च्या घटनेनंतर सेवा काही काळ थांबविण्यात आली व उड्डाणांवरील देखरेख अधिक कडक करण्यात आली.

ज्यांना अपघात झाला नाही पण उड्डाणच मिळाले नाही, त्यांची कथा निराळी. कैलास-मानसरोवराला नेपाळमार्गे जाणारे लोक लहान विमानाने सिमिकोट व तेथून हेलिकॉप्टरने सीमेवरील हिल्सा गाठतात; परततानाही हाच मार्ग. जुलै २०१८ च्या आरंभी हवामान बिघडले आणि सुमारे दीड हजार भारतीय यात्रेकरू सिमिकोट, हिल्सा व तिबेटच्या बाजूस अडकून पडले. त्यांत आपल्या कर्नाटकातील सुमारे २९० जण होते. हिल्सा हे ३,६०० मीटरहून उंचावरचे लहानसे गाव. तेथे शेकडो माणसांची राहण्याची वा औषधपाण्याची सोय कोठून असणार? भारतीय दूतावासाने हवा उघडेल तसतशी विमाने व हेलिकॉप्टरे लावून टप्प्याटप्प्याने सर्वांना खाली आणले. पण तेवढ्या दिवसांत औषधे संपलेल्या मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांचे जे हाल झाले असतील त्यांची कल्पना करवत नाही. हवामानाखेरीज इतर कारणेही असतात. २०२५ मध्ये अमरनाथ यात्रेच्या मार्गावर सुरक्षेसाठी उड्डाणबंदी जाहीर झाली आणि त्या वर्षी तेथे यात्रेकरूंसाठी हेलिकॉप्टर सेवा मुळी नव्हतीच.

म्हणून आखणीचा पाया असा घालावा : आपण पायी जाणार आणि पायीच परतणार. हेलिकॉप्टर मिळाले तर गुडघ्यांना आराम. ज्याची उतरून येण्याची तयारी नाही, त्याने परतीच्या उड्डाणाच्या भरवशावर चढूच नये. घोडा, पालखी, डांडी-कंडी ही साधने वाटेवर मिळतात. त्यांचे पैसे वेगळे बांधून ठेवावेत.

एक नमुनादाखल आखणी

समजा, कमलनगरचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक, वय ६१, त्यांच्या पत्नी व एक तरुण भाचा असे तिघे निघणार आहेत. पहिला प्रश्न महिन्याचा. मंदिर अक्षय्यतृतीयेच्या सुमारास उघडते व भाऊबीजेला बंद होते. शेतकऱ्याला मोकळीक असते ती मे महिन्यात, मृगापूर्वी; पण नेमकी तेव्हाच तेथे प्रचंड गर्दी असते. जुलै-ऑगस्ट हा पावसाचा व दरडींचा काळ. तो सर्वस्वी टाळावा. ३१ जुलै २०२४ च्या रात्री ढगफुटीने लिंचोली-भीमबली भागातील पायवाट जागोजागी तुटली आणि हजारो यात्रेकरूंना सोडवावे लागले, ते याच हंगामात. हवा सर्वांत निवळ असते ती सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. त्या वेळी आपल्याकडे सोयाबीनची काढणी असते, ही खरी अडचण. ज्याच्या घरी शेत सांभाळणारे दुसरे कोणी आहे, किंवा आपल्या मुख्याध्यापकांप्रमाणे जो वेतनावरून निवृत्त झाला आहे, त्याने दसऱ्याच्या आसपासचे दिवसच निवडावेत. इतरांनी मे धरावा, पण उघडण्याच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊ नये.

तयारी तीन महिने आधी सुरू व्हावी. आपला मुलूख सपाट, त्यामुळे रोज रानात दहा किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही चढणीची सवय नसते. पहिला महिना रोज पाच किलोमीटर झपाट्याने चालावे; दुसऱ्यात पाठीवर चार-पाच किलोंची पिशवी घेऊन अंतर दुप्पट करावे; तिसऱ्यात आठवड्यातून दोनदा पायऱ्या चढाव्यात व उतराव्यात. पंचायतीच्या कचेरीचा जिना, शाळेची इमारत, काहीही चालेल. उदगीर वा बीदरचा किल्ला जवळ करता आला तर उत्तमच. उतरण्याचा सराव अवश्य करावा, कारण मांड्यांचे स्नायू उतरतानाच अधिक दुखावतात व परतीचे उड्डाण रद्द झाले तर तेच कामी येणार आहेत. बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत.

याच काळात वैद्यकीय तपासणी उरकावी. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, रक्तातील हिमोग्लोबिन. आपल्या भागातील स्त्रियांत रक्तक्षय पुष्कळ आढळतो आणि विरळ हवेत तो दुपटीने जाचतो. ॲसिटाझोलामाइड हे औषध उंचीच्या आजारास काही अंशी रोखते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये, आणि सल्फा औषधांची ज्यांना बाधा होते त्यांनी ते आवर्जून सांगावे. नेहमीच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट न्याव्यात. ‘यात्रेत पथ्य-पाणी बंद’ असे म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणारे महाभाग असतात. त्यांना घरच्यांनी वेळीच आवरावे. दर्शन होईपर्यंत उपवास करण्याची चालही चढणीच्या दिवशी बाजूस ठेवावी. देव थोडा शिरा खाऊन आलेल्या भक्ताला परत पाठवीत नाही.

आता दिवसांचा हिशेब. कमलनगरहून नांदेड किंवा सिकंदराबाद गाठून दिल्लीची गाडी व तेथून हरिद्वार, यात तीन दिवस जातात. चौथ्या दिवशी पहाटे ऋषिकेश सोडावे; देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग करीत सायंकाळपर्यंत गुप्तकाशी येते. पाचवा दिवस तेथेच काढावा. समोरच उखीमठ आहे. ओंकारेश्वराचे दर्शन होते व शरीरालाही डोंगराची ओळख पटते. हा दिवस वाचविण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो आवरावा. सहाव्या दिवशी सोनप्रयागहून जीपने गौरीकुंड व तेथून जंगलचट्टी, भीमबली असे चालत, सोयीची चौकशी करून ठेवलेल्या ठिकाणी, भीमबली किंवा फार तर लिंचोली येथे मुक्काम करावा. सातव्या दिवशी उरलेली चढण सावकाश चढून दुपारपूर्वी केदारनाथ. असे केले म्हणजे १,६०० मीटरची उंची एका दिवसाऐवजी दोन दिवसांत विभागली जाते. रात्री डोके दुखले नाही, जेवण गेले, तर मुक्काम निर्वेध झाला म्हणावे.

आठव्या दिवशी सकाळी परतीचे उड्डाण. नववा व दहावा दिवस संपूर्ण मोकळे सोडावेत. हे दोन दिवस म्हणजे या साऱ्या आखणीचा कणा आहे. ढग आला तर एक दिवस थांबता येते; दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर पायी उतरता येते. ज्याची हरिद्वारची गाडी आठव्या दिवशीच रात्री सुटते, तो माणूस हेलिपॅडवर वैमानिकाला गळ घालतो, कंपनीच्या माणसाशी हुज्जत घालतो आणि न उडावे अशा हवेत उडण्यास उतावीळ होतो. परतीचे रेल्वे-आरक्षण म्हणून अकराव्या दिवसाच्या आधीचे काढू नये.

सामानाची एक बारीक गोष्ट. हेलिकॉप्टर गौरीकुंडास उतरत नाही; ते गुप्तकाशी, फाटा किंवा शेरसी येथील हेलिपॅडवर उतरते. गौरीकुंडच्या खोलीत मोठी पेटी ठेवून वर गेलेला माणूस आकाशातून आपल्या पेटीवरून निघून जातो व मग ती आणण्यास पुन्हा जीप शोधत फिरतो. आपले तिकीट ज्या हेलिपॅडचे, त्याच गावी जड सामान ठेवावे. पाठीवर घ्यावयाचे ते एवढेच : लोकरीचे कपडे, पावसाचा सदरा, विजेरी, औषधे, खजूर-गूळ-शेंगदाणे, पाण्याची बाटली. कपडे एकावर एक घालता येतील असे असावेत. दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब कमलनगरच्या माणसाने हातरुमालावर बांधून घ्यावा.

हेलिकॉप्टरजवळ कसे वागावे हेही शिकून जावे. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथच्याच हेलिपॅडवर एका शासकीय अधिकाऱ्याचा शेपटाकडील पंख्याच्या धडकेने मृत्यू झाला. तो पंखा फिरताना दिसत नाही. यानाच्या मागील बाजूस कधीही जाऊ नये; कर्मचाऱ्याने खूण केल्यावरच, पुढून, वाकून जावे. टोपी व उपरणे पिशवीत घालावे, पदर कमरेला घट्ट खोवावा, काठी आडवी धरावी. छायाचित्र घेण्याचा विचार त्या क्षणी मनातही आणू नये.

पैसा, तिकीट आणि फसवणूक

यात्रेची नोंदणी उत्तराखंड शासनाकडे करणे सक्तीचे आहे. ती झाल्यावाचून हेलिकॉप्टरचे तिकीट मिळत नाही. तिकिटांची अधिकृत विक्री २०२३ पासून रेल्वेच्या आयआरसीटीसी या संस्थेच्या ‘हेलियात्रा’ संकेतस्थळावर होते. तिकिटे खुली होताच थोड्या वेळात संपतात आणि मग भोंदू लोकांचे फावते. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे, ‘तुमच्यासाठी दोन जागा राखल्या आहेत’ असा गोड बोलणारा दूरध्वनी, कोणाच्या तरी खाजगी खात्यात आगाऊ रक्कम. आणि गुप्तकाशीच्या खिडकीवर कळते की असे तिकीटच अस्तित्वात नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या तिकिटाचे पैसे देऊ नयेत. दिलेच गेले असतील तर संकोच न करता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या तास-दोन तासांत रक्कम अडविता येण्याची शक्यता असते. आरक्षण करताना केवळ परतीचे तिकीट कोणत्या अटींवर मिळते, उड्डाण रद्द झाल्यास पैसे केव्हा व कसे परत मिळतात, हे वाचून घ्यावे. ज्यांना संगणकाची सवय नाही त्यांनी गावातील एखाद्या शिक्षकाची किंवा ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याची मदत घ्यावी. आणि शिक्षकांनीही हे काम टाळू नये.

कर्नाटक शासनाचा धर्मादाय विभाग कैलास-मानसरोवर यात्रेसाठी ३०,००० रुपये व चारधाम यात्रेसाठी २०,००० रुपये असे अनुदान राज्यातील रहिवाशांना देत आला आहे. त्याच्या अटी व अर्जाची मुदत चालू आदेशावरून तहसील कचेरीत पाहून घ्याव्यात. हे अनुदान यात्रा पार पडल्यावर, पुरावे सादर केल्यावर हाती येते; त्याच्या आशेवर सावकाराकडून रक्कम उचलू नये. नोंदणीपत्र, तिकिटे, मुक्कामाच्या पावत्या, दर्शनस्थळी मिळालेले कागद हे सर्व एका पाकिटात जपावे. केदारनाथ ज्यांच्या यादीत एक धाम आहे त्यांनी अनुदानासाठी चारही धामे आवश्यक आहेत काय, हे निघण्यापूर्वीच विचारावे. परतल्यावर विचारून उपयोग नाही.

घर सोडण्यापूर्वी या आखणीचा एक कागद तयार करावा. त्यावर प्रत्येक दिवसाचा मुक्काम, नोंदणी क्रमांक, प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे आणि ‘अमुक तारखेपर्यंत निरोप आला नाही तरच चौकशी करावी’ अशी तारीख, मोकळे ठेवलेले दोन दिवस धरून, लिहावी. एक प्रत घरी, एक शेजारी किंवा सोसायटीच्या सचिवाकडे आणि एक भाच्याच्या खिशात, पाणी लागणार नाही अशा पिशवीत.